खाली बघायचं नाही

टेलरबाईंच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "सरळ उभ्या राहा, समोर त्या घड्याळाकडे बघा, खाली बघायचं नाही." सव्वीस वर्षं हेच. माणसाची खोडच अशी, की पायाशी कुणी टेप धरली की मान खाली जातेच. मान गेली की कंबर वाकते, कंबर वाकली की टेप ढिली पडते आणि मापात अर्ध्या इंचाचा घोळ होतो. मग पँट आखूड झाली म्हणून भांडायला तीच बाई परत येते. टेलरबाई भांडणाला घाबरत नव्हत्या. अर्धा इंच चुकलेला मात्र त्यांना खपत नसे.

अशा या टेलरबाई एक्कावन्नाव्या वर्षी धावायला लागल्या. हे खूळ त्यांचं नव्हे, लेकीचं. लेकीला नवी नोकरी लागली होती, दोन विमानं बदलून जावं लागेल इतकी लांबची. घरात या दोघीच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एका सकाळी चहा पिता पिता लेक म्हणाली, "आई, मी जायच्या आधी आपण दोघींनी मिळून काहीतरी करू या. नुसते फोटो काढण्यासारखं नाही, चांगलं दमण्यासारखं." आणि तिने दोघींची नावं हाफ मॅरेथॉनमध्ये घालून टाकली. एकवीस किलोमीटर. टेलरबाईंनी आधी विचारलं, "सायकलवर ना?"

शर्यतीनंतर नऊ दिवसांनी लेकीचं विमान होतं. हा आकडा घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे.

पहिले दोन महिने मात्र फार सुखाचे गेले. सकाळी सहाला दोघी बाहेर पडायच्या. लेक मुद्दाम हळू धावायची आणि आपण हळू धावत नाही असं दाखवायची. आणि गंमत अशी, की पंधरा वर्षांची झाल्यापासून जी मुलगी आईशी हो-नाहीच्या पलीकडे बोलली नव्हती, ती धावताना भडाभडा बोलायला लागली. कॉलेजात कोण आवडला होता, बाबा गेले तेव्हा ती का रडली नाही, नव्या गावी जायची तिला किती धास्ती वाटते. हे सगळं साधारण आठव्या किलोमीटरला निघायचं. धावताना एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, हे त्याचं कारण असावं. टेलरबाई धापा टाकत ऐकायच्या आणि मनात म्हणायच्या, आठला हे, तर अठराला काय काय सांगेल ही!

लेकीने सरावाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं होतं. त्यात सोमवार आणि शुक्रवारचे चौकोन रिकामे होते. टेलरबाईंना ते रिकामे चौकोन बघवेनात. आपण मागे पडलो तर? आपल्यामुळे पोरीला थांबावं लागलं तर? लेक ऑफिसला गेली की सोमवारी आणि शुक्रवारीही त्या गुपचूप पाच किलोमीटर धावून यायच्या.

कपडा कापताना शिवणीच्या बाहेर दोन बोटं कापड जास्त सोडतात. त्याला माया म्हणतात. माणूस सुटला, कापड आटलं, तर उसवून तेवढं मोकळं करता येतं. टेलरबाईंच्या कपड्यांत माया भरपूर असे. पाच वर्षांपूर्वी शिवलेला ब्लाउज घेऊन बायका हसत हसत परत यायच्या आणि तासाभरात तो अंगात घालून जायच्या. अशा या बाईने स्वतःच्या आठवड्याला मात्र सूतभरही माया ठेवली नाही.

शर्यतीला सात आठवडे असताना डावी नडगी दुखायला लागली. आधी नुसतीच कुरकुर, पहिल्या किलोमीटरपुरती. मग धावणं संपल्यावरही. मग मशीनच्या पायडलवर पाय ठेवला तरी. टेलरबाईंना एक नवीच सवय जडली. दर थोड्या वेळाने वाकून नडगीवर अंगठा दाबून बघायचं, अजून दुखतंय का. दुखायचंच. मग थोडं वर दाबायचं, थोडं खाली. गिऱ्हाईक गळा चौकोनी हवा की गोल हे सांगत असायचं आणि बाईंचा अंगठा टेबलाखाली पायावर. एकीला गोल सांगितलेला गळा चौकोनी होऊन मिळाला.

"सारखं दाबून दाबून बरं हाड दुखवाल," दुकानात काज-बटणं करणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्याच. त्या मशीनच्या मागे स्टुलावर बसायच्या आणि त्यांच्या नजरेतून सुई सुटत नसे, तिथे हे काय सुटणार! "लेकीला सांगा की सरळ."

"काही नाही हो, जरा अवघडलंय."

"पंधरा दिवस अवघडतं होय कुणाचं?"

लेकीला सांगायचं नाही हे टेलरबाईंनी पक्कं ठरवलं होतं. सांगितलं की ती म्हणणार, मग मीपण नाही. तिचा स्वभावच तसा. मग ती सकाळ जाणार, एकवीस किलोमीटरचं सगळं बोलणं जाणार, आणि नऊ दिवसांनी पोरगी जाणार. या विचाराने त्यांना नडगीचाही विसर पडायचा. मोबाइलवर नडगीविषयी मिळेल ते त्या वाचायच्या. एक म्हणे बर्फ लावा, दुसरा म्हणे अजिबात लावू नका, तिसरा म्हणे बूट बदला, चौथा म्हणे हाडाला तडा असू शकतो. चौथ्याचं वाचलं की त्या पुन्हा पहिल्याकडे यायच्या. फ्रीजरमधल्या मटारची पिशवी ओढणीत गुंडाळून दुकानात यायची आणि पायडलशेजारी नडगीला टेकून वितळत राहायची. मावशी फरशी पुसायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. ते जास्त बोचायचं.

एका दुपारी टेलरबाईंनी दुकानाचं दार आतून लावलं, टेप काढली आणि स्वतःचे पाय मोजले. कंबरेपासून घोट्यापर्यंत, पँटचं माप घेतात तसे. उजवा अडतीस. डावा साडेसदतीस.

पुन्हा मोजलं. पुन्हा साडेसदतीस.

त्यांना केवढं हायसं वाटलं! दोष सापडला होता. आणि अर्ध्या इंचाचा दोष दुरुस्त करण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. कॉलरीत घालायचं जाड बकरम त्यांनी घेतलं, टाचेच्या आकाराचे तुकडे कापले, एकावर एक चिकटवले, कडेने बारीक टाके घातले आणि ती गादी डाव्या बुटात आतल्या पट्टीला शिवून टाकली. काम इतकं सुबक झालं की दाखवायला कुणी नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

तीन दिवस पाय खरंच बरा वाटला. चौथ्या दिवशी उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने धरला. आठवड्याने कंबर. आणि मग नडगी परत आली, पण आता सगळीकडे नाही, एकाच जागी, बोटाने दाखवता येईल अशी. सोळा किलोमीटर धावायचं होतं त्या रविवारी दहाव्या किलोमीटरला लेक म्हणाली, "आई, तू लंगडतेयस."

"बुटात खडा गेलाय."

"मागच्या रविवारी पण खडाच होता."

"रस्ताच तसला आहे मेला."

लेक गप्प झाली आणि पुढचे सहा किलोमीटर काही बोलली नाही. ज्यासाठी एवढी लपवाछपवी चालली होती, तेच बंद पडलं. दुसऱ्या दिवशी टेलरबाई फिजिओकडे गेल्या.

फिजिओ म्हणजे लेकीच्याच वयाची मुलगी. तिच्या कोटाची बाही खांद्यावर चुकीची बसवलेली होती, आणि घाबरलेल्या टेलरबाई त्या बाहीकडे बघून जीव रमवत राहिल्या. तिने नडगी दाबली. डाव्या पायावर एक उडी मारायला सांगितली. ती उडी काही निघेना. तिने त्यांना स्कॅन करायला पाठवलं आणि दोन दिवसांनी रिपोर्ट बघून म्हणाली, "काकू, हाड सुजलंय आतून. तडा अजून गेलेला नाही. पण एकवीस किलोमीटर धावलात तर जाईल. सहा आठवडे धावणं बंद."

"शर्यत सोळा दिवसांवर आहे."

"मग यंदा नाही."

इतक्या सहज म्हणाली ती हे! मग तिने बूट उचलून आत हात घातला. "हे काय आहे?"

"डावा पाय आखूड आहे माझा. अर्धा इंच."

फिजिओने त्यांना टेबलावर झोपवून दोन्ही पाय मोजले. दोन्ही सारखे. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच मोजला. सव्वीस वर्षं मापंच घेते मी." टेलरबाई जरा तोऱ्यात उठून उभ्या राहिल्या. टेप कंबरेला धरली, उजव्या हाताने दुसरं टोक डाव्या घोट्याकडे नेलं, त्यासाठी तिरक्या वाकल्या, आणि आकडा वाचायला मान खाली घातली.

आणि तशाच राहिल्या. "अगं बाई," एवढंच त्या स्वतःशी म्हणाल्या.

घरी त्यांनी दोन दिवस काही सांगितलं नाही. सकाळी लेक बूट घालायची, या म्हणायच्या, आज दुकानात घाई आहे, तू हो पुढे. शब्द ओठांवर यायचे आणि चहाच्या घोटाबरोबर परत जायचे. एकदा तर त्यांच्या मनात आलं, तडा जायचा तर जाऊ दे, पण शेवटच्या किलोमीटरला जाऊ दे. हा विचार आपल्याला आला याचीच त्यांना भीती वाटली.

शेवटी वाचा फोडली ती बुटांनी. लेकीने दोघींचे बूट धुवायला काढले आणि डाव्या बुटातली पट्टी हातात घेऊन ती स्वयंपाकघरात आली.

"हे टाके तुझे आहेत."

टेलरबाईंनी गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. सोमवार, शुक्रवार, मटार, बकरम, स्कॅन. लेक ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता.

"काज-बटणवाल्या मावशींना माहीत, त्या फिजिओला माहीत, आणि मला खडा?"

"तू म्हणाली असतीस, मीपण नाही धावणार."

"नाहीच धावणार! एकटी कशाला धावू?"

"बघ! याच्यासाठीच सांगत नव्हते." टेलरबाईंचा आवाज चढला. "मला कुठे धावायची हौस होती गं? तू बोलतेस म्हणून धावत होते मी. घरात बोलत नाहीस, तिथे बोलतेस."

लेकीने खुंटीवरची टेप काढली. "उभी राहा. मी मोजते."

"मोजलेत फिजिओने."

"मी मोजते म्हटलं ना."

टेलरबाई उभ्या राहिल्या. लेक गुडघ्यांवर बसली आणि टेप लावली. तिची बोटं घोट्याशी थांबली, तशी बाईंची मान खाली जायला लागली. लेकीचा भांग त्यांना बघायचा होता. लहानपणी याच भांगावर रोज कंगवा फिरायचा.

"आई. खाली बघायचं नाही."

त्यांनी समोर बघितलं. समोर फ्रीज, फ्रिजवर वेळापत्रक, त्यातला शेवटचा चौकोन. तो डोळ्यांपुढे पुसट झाला तरी त्या बघत राहिल्या.

"अडतीस," खालून आवाज आला. थोड्या वेळाने, "हाही अडतीस." पण लेक उठली नाही. घोट्यावरचा हातही तिने काढला नाही.

"तू धाव," टेलरबाई समोरच बघत म्हणाल्या. "सोळाव्या किलोमीटरला मी पाणी घेऊन उभी राहते. तिथे तुला तहान लागते, मला माहितेय."

शर्यतीच्या दिवशी टेलरबाई तासभर आधीच जाऊन उभ्या राहिल्या. बाटली सारखी या हातातून त्या हातात. माणसं येत होती, जात होती. पोरगी पडली तर नसेल? पोटरी धरली तर नसेल? ठरलेली वेळ उलटून बारा मिनिटं झाली. पायाचं दुखणं परवडलं, त्याला निदान दाबून तरी बघता येत होतं.

मग ती दिसली. सावकाश येत होती, खांदे पडलेले, मान खाली, डोळे स्वतःच्या बुटांवर. आता थांबते की मग थांबते, अशी चाल. आणि टेलरबाई दुकानातल्या आवाजात ओरडल्या, "सरळ हो! समोर बघ! खाली बघायचं नाही!"

आजूबाजूची माणसं हसली. लेकीने मान वर केली, आईला बघितलं आणि तीही हसली, रडवेल्या तोंडाने. तिचे खांदे वर आले. जवळून जाताना तिने हात लांब केला, आईच्या दंडाला ओझरता लावला आणि वेग वाढवला. टेलरबाई वळणापर्यंत तिची पाठ बघत राहिल्या. तिने मागे वळून पाहिलं नाही. सांगितलं होतं तशी ती समोरच बघत गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पाण्याची बाटली हातातच राहिली होती.