साडेअकराची वेळ

नाशिकला शरणपूर रोडवर एका वकिलांच्या ऑफिसात मी चार वर्षं रिसेप्शनला होते. साहेब फक्त नवरा-बायकोच्या केसेस घ्यायचे. जिना चढून आलं की पहिलं माझं टेबल, समोर दोन बाकं, आत साहेबांची केबिन आणि बाजूच्या अरुंद खोलीत टायपिस्ट काका. माझं वय तेव्हा बावीस. वडील मनमाडला रेल्वेत, मी पंचवटीत आत्याकडे राहायचे.

पहिल्याच आठवड्यात एक बाई आली. तिच्या कानाची पाळी फाटून दोन तुकडे लोंबत होते. कुडं ओढून काढलं होतं कुणीतरी. तिने पाणी मागितलं, प्यायली आणि ग्लास धुऊन परत ठेवला. मी विचारणार होते, तेवढ्यात काकांनी आतूनच मान हलवली. नंतर म्हणाले, "काय झालं ते साहेब विचारतात. आपण नाव लिहायचं आणि वेळ द्यायची."

वेळ देणं हेच माझं खरं काम, आणि ते वाटतं तेवढं सोपं नव्हतं. एकदा समझोत्याच्या बोलणीसाठी दोन्हीकडची माणसं एकाच वेळी आली. साहेब कोर्टातून यायचे होते. दहा मिनिटं सगळे गप्प बसले, आणि मग मुलीच्या बापाने उठून जावयाच्या तोंडावर चप्पल हाणली. त्यानंतर कोण कुणाला मारत होतं ते कळेना. माझ्या टेबलावरची काच फुटली. घरी गेल्यावर आत्याने माझ्या केसांतून काचेचे कण वेचून काढले. त्या दिवसापासून एका केसच्या दोन बाजूंना मी कधीच लागोपाठ वेळ दिली नाही. मध्ये किमान दोन तास. जिन्यावरसुद्धा गाठ पडता कामा नये.

मग साहेबांच्या मेहुण्यांनी परदेशातून डिजिटल डायरी आणली. तळहाताएवढी. झाकण उघडलं की वर पडदा, खाली बारीक बटणं. साहेबांनी दोन दिवस झटापट केली आणि माझ्यापुढे सरकवली. "माझी बोटं जाड आहेत. तूच सांभाळ." मी सुट्टीच्या दिवशी बसून ती शिकले. नाव टाकलं की पुढच्या सगळ्या तारखा समोर यायच्या. पासवर्ड टाकल्याशिवाय आतलं काही दिसायचं नाही, आणि तो मी काकांनासुद्धा सांगितला नव्हता. अख्ख्या मजल्यावर अशी वस्तू दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मला तिचा फार अभिमान होता. कुणी वेळ विचारली की मी मुद्दाम चटकन सांगायचे.

द्राक्षांच्या छाटणीचे दिवस होते. निफाडजवळच्या गावातली एक बाई आमच्याकडे यायची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. नवऱ्याने तिला विहिरीच्या कठड्यावर उलटं धरलं होतं म्हणून ती माहेरी निघून आली होती. पहिल्यांदा आली तेव्हा गळ्यावर बोटांचे ठसे होते, नंतर ते पिवळे पडत गेले. ती आईला घेऊन यायची आणि बाकावर अगदी कडेला बसायची.

एका बुधवारी दुपारी फोन आला. आवाज मऊ होता, थोडा दमलेला.

"ताई, मी निफाडहून बोलतोय. माह्या बहिणीचा उद्याचा टाइम कितीचा हाय? ती इसरली, आन् घरात लय घोर लावून बसलीये."

त्याने नाव सांगितलं. मी डायरी उघडली, बटणं दाबली. "उद्या साडेअकरा."

"आभारी हाय ताई."

मी फोन ठेवला आणि पुढच्या कामाला लागले. भाऊ आहे का, कोणता, काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी सव्वाअकराला आल्या. साहेब कोर्टात होते. काका आत टाइप करत होते. मी त्यांना बसायला सांगितलं. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली आणि एक माणूस वर आला. पांढरा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले. दाराच्या आडोशामुळे त्याला बाकं दिसत नव्हती, आणि बाकावरच्यांना तो.

"अपॉइंटमेंट आहे का?" मी विचारलं.

"हाय ना," तो म्हणाला. "साडेअकराची."

आवाज मी ओळखला. तेवढ्यात बाकावरून ती किंचाळली. तिने माझ्या आधी ओळखला होता.

त्याने खिशातून छाटणीची कात्री काढली. द्राक्षाची काडी एका दाबात तुटते, तसली. दोन ढांगांत तो बाकापाशी होता. पहिला वार कानापासून हनुवटीपर्यंत गेला. तिने हात वर केले तर दुसरा मनगटावर. तिच्या आईने त्याच्या पायाला मिठी मारली. त्याने तिला लाथ घातली तरी म्हातारीने पाय सोडला नाही. तो एक शब्द बोलत नव्हता. हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. शेतात काम करताना माणूस गप्प असतो, तसा तो गप्प होता.

मी टेबलाच्या बाहेर कधी आले ते आठवत नाही. मी त्याच्या हाताला धरायला गेले आणि पाती माझ्या मुठीत आली. दुखलं नाही, फक्त बोटं मिटेनाशी झाली. मग काका आले. साठीचे, बारीक अंगाचे, तोवर मी त्यांना कधी मोठ्याने बोलतानाही ऐकलं नव्हतं. त्यांनी लाकडी खुर्ची त्याच्या पाठीत घातली. तो कोलमडून उताणा पडला, कात्री निसटली, आणि काका खुर्चीसकट त्याच्या छातीवर बसले.

इथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. टेबलावर फायलींना भोकं पाडायचं लोखंडी पंचिंग मशीन होतं. मी ते डाव्या हाताने उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. मी परत मारलं. एक दात फरशीवर पडला. "पोरी, बास! मरंल तो!" काका ओरडत होते, आणि मला ते ऐकू येत होतं. मरावा असंच मला वाटत होतं. शेवटी जिन्यावर जमलेल्यांपैकी कुणीतरी मला मागून धरलं. तोपर्यंत ते सगळे उंबऱ्याबाहेर उभे राहून बघत होते.

पोलीस आले, पंचनामा झाला. डायरी रक्तात पडली होती, तिचा पडदा तडकला होता. हवालदाराने उलटसुलट करून पाहिली आणि 'एक काळा कॅलक्युलेटर' असं लिहिलं.

माझ्या हातावर शस्त्रक्रिया झाली. दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. साहेब भेटायला आले, डोक्यावर हात ठेवला. मी त्यांना फोनचं सांगितलं. म्हणाले, "जबाबात फोनचं काही बोलू नकोस. कुणी विचारणार नाही. आपल्याकडे बायका विश्वासाने येतात गं."

मी जबाबात ते सांगितलं नाही. पण चौथ्या दिवशी हाताला पट्टी बांधून सिव्हिलला गेले. ती खाटेवर होती, अर्धा चेहरा टाक्यांनी ओढलेला. आई तिला चमच्याने दूध पाजत होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले आणि सांगून टाकलं.

"त्याला वेळ मी सांगितली. त्याने फोन केला होता. भाऊ म्हणाला."

म्हातारीने वाटी खाली ठेवली, उठली आणि माझ्या थोबाडीत मारली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. दुसरी मारायला हात उचलला तेव्हा लेकीने तिचा पदर ओढला.

"राहू दे आई." तिला जबडा हलवता येत नव्हता, ओठांतूनच बोलत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याचा आवाज गोड हाय. लग्नाआधी मलाबी तसंच फसवलं त्यानं." मग तिने नजर छताकडे वळवली. "पर तुम्ही टाइम सांगायला नाय पायजे होता."

मी "हो" म्हणाले.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. आरोपीच्या वकिलाने मला विचारलं, "माझ्या अशिलाचं नाक कुणी फोडलं?"

"मी."

"तो खाली पडलेला असताना?"

"हो."

"आणि तो तिथे साडेअकरालाच कसा आला? तुम्हाला कल्पना आहे?"

आमचे साहेब मागे बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "त्याने फोन करून विचारलं, मी सांगितलं," मी म्हणाले. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. ती बाई समोरच होती, डोक्यावरचा पदर त्या बाजूच्या गालावर ओढून. तिने डोळे मिटून घेतले.

त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तिला घटस्फोट मिळाला, आणि ती नांदगावला मावशीकडे राहायला गेली. मला साहेबांनी काढलं नाही, पण नंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. दोन महिन्यांनी मीच नोकरी सोडली.

पुढे लग्न झालं आणि मी गंगापूर रोडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागले. तिथे कॉम्प्युटर होता, सगळ्या वेळा पडद्यावर. एकदा एक गृहस्थ आले, चांगल्या कपड्यांतले. "माझ्या मिसेसची अपॉइंटमेंट कधीची आहे?"

"त्यांनाच फोन करायला सांगा."

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"मला सांगता येणार नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. काउंटरवर जोरात मूठ आपटून ते ओरडले, "चोर समजता काय मला? साधी वेळ विचारतोय!" बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. डाव्या हाताजवळ स्टेपलर होता, आणि तो कुठे आहे हे मला न बघता ठाऊक होतं. मी तो उचलला नाही. वेळही सांगितली नाही. ते शिव्या देत निघून गेले.

चार दिवसांनी त्या बाई तपासणीला आल्या. सोबत ते गृहस्थही होते, बायकोचा हात धरून तिला जपून पायऱ्या चढवत होते. तिला फारच कमी दिसत होतं. "त्या दिवशी यांना उगाच परत पाठवलंत," ती हसून म्हणाली. "मला फोनवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून यांना पाठवलं होतं."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी नुसती मान हलवली. मी बाईंना आत नेऊन बसवलं आणि परत येऊन पुढचं नाव पुकारलं.