कप्तान आणि माझी कमी केलेली दोन वर्षं

कबड्डीत स्वतःहून हात वर करून बाहेर जाणारा खेळाडू मी आयुष्यात एकच पाहिला. कुळगावच्या आमच्या मंडळाचा तो कप्तान, आणि मी त्याला आजही कप्तानच म्हणतो. चढाई करणाऱ्याचं बोट त्याच्या बनियनला ओझरतं लागायचं, पंचांच्या लक्षातही यायचं नाही, आणि हा हात वर करून मोकळा. अंबरनाथला एका उपांत्य सामन्यात त्याने हे केलं तेव्हा आमचीच पोरं अंगावर धावून गेली. "अरे, पंचाने नाही बघितलं ना? तुला काय खाज आहे?" कप्तान रेषेबाहेर बसून पायाची माती झटकत म्हणाला, "मला लागलं ते मला कळलं ना? मग झालं." तो सामना आम्ही हरलो. परतीच्या टेम्पोत त्याच्याशी कोणी बोलेना. तो मात्र शांतपणे सगळ्यांना केळी वाटत होता.

"घोळ नको" हे त्याचं पालुपद. शेअर रिक्षात कोणी पुढे घुसला की "भावा, घोळ नको." माझी आई सुकटीचा शेवटचा घास त्याच्या ताटात वाढायला लागली की "काकी, घोळ नको, हा अजून जेवतोय." घोट्याची पकड मला त्यानेच शिकवली. माझे गुडघे फुटेपर्यंत शिकवली. मला खेळाडू म्हणून जे काही मिळालं ते त्या पकडीवर मिळालं, आणि हेच मला आता लिहायला जड जातं.

आमच्याकडे तेव्हा पोरं शाळेत उशिराच जायची. आम्ही दोघंही तसेच. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी शाळेतल्या खेळाच्या सरांनी मला बाजूला घेतलं. "कागदावर तुझं वय दोन वर्षं खाली घेतो. पुढे उपयोगी पडेल." वडिलांनी सही केली. मी मान हलवली. बारावीला एकोणीस वर्षांखालच्या संघाची निवड झाली तेव्हा कप्तान काही महिन्यांच्या फरकाने वयात बसला नाही आणि मी राज्यापर्यंत खेळून आलो. त्याने सहज विचारलं, "तू कसा काय बसलास रे?" मी म्हटलं, "आईने मला लवकर शाळेत घातलं होतं." त्याला ते पटलं. मी सांगितलेलं त्याला नेहमीच पटायचं.

उल्हासनगरच्या ज्या कॉलेजात आम्हाला जायचं होतं तिथे कबड्डीसाठी एकच जागा होती, फी माफ. कप्तानच्या वडिलांची अंबरनाथची कंपनी तेव्हा बंद पडली होती, त्यामुळे त्या जागेशिवाय त्याला कॉलेज नव्हतं. जागा माझ्या राज्य पातळीच्या सर्टिफिकेटला मिळाली. कप्तान उल्हासनगरातच, कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात लागला. माझ्या ॲडमिशनचे पेढे त्यानेच मैदानात वाटले.

त्याच्या नखांत कायम निळा रंग असायचा. हात कितीही घासले तरी जायचा नाही. "बघ, मीपण शाईत हात घालतो," असं म्हणून हसायचा. एकवीस पूर्ण झाल्यावर एकदा म्हणाला, "चल, आता कायद्याने बियर पिता येते. पहिली माझ्याकडून." त्याआधी मंडळाची पोरं कितीदा बसली, पण हा कधी बसला नव्हता. कॅम्प तीनमध्येच एक परमिट रूम होती. तिथे नुकतीच धाड पडल्यामुळे गल्ल्यावरचे सिंधी अंकल वयाचा पुरावा मागत होते. कप्तानने कारखान्याचा टेम्पो चालवायला काढलेलं लायसन दाखवलं. मी कॉलेजचं ओळखपत्र.

अंकलनी चष्मा वर केला. "बेटा, तू तो उन्नीस का है. इसको मिलेगी, तेरे को नहीं. तू दूध पी."

वेटर हसले. कप्तानही हसला. "अंकल, छोटा है हमारा. माँ ने जल्दी स्कूल में डाला."

मला ते लागलं. एवढ्याशा अपमानाने डोकं फिरलं. मी ओरडलो, "कार्डावर चुकीचं आहे! एकवीस पूर्ण झालेत मला. ह्याच्याहून मोठा आहे मी!"

कप्तानचं हसू हळूहळू उतरलं. त्याने लायसन खिशात ठेवलं. मग म्हणाला, "अंकल, दो लिंबू सोडा." सोडा अर्धा संपल्यावर त्याने विचारलं, "सरांनी केलं?"

"हो."

"मलापण विचारलं होतं त्यांनी."

बाकी काही नाही. ते तो पुन्हा कधी कोणाला बोलला नाही, मलाही नाही. एक शब्द कॉलेजात टाकला असता तर माझी जागा गेली असती. मी माफी मागितली नाही. पदवी घेतली, पुढचं शिक्षण घेतलं, आणि आज इथल्याच एका कॉलेजात खेळाचा शिक्षक आहे.

गेल्या जूनमध्ये त्याची मुलगी आमच्याकडे कबड्डीच्या कोट्यासाठी चाचणीला आली. कप्तान आता कात्रपला राहतो, केस पांढरे झालेत. मी त्याला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, "तिचं टेन्शन घेऊ नको. तिची सीट मी करतो." इतक्या वर्षांचं ओझं आता उतरणार असं मला वाटलं.

तो म्हणाला, "कोणाची काढून?"

मी हातातले चाचणीचे कागद चाळायला लागलो.

"घोळ नको रे," तो म्हणाला. "जेवढी खेळेल तेवढंच लिही."

ती चांगली खेळली, पण तिच्याहून चांगल्या खेळणाऱ्या मुली निघाल्या आणि जागा तिच्या आधीच संपल्या. यादी मी लावली. कप्तानने ती वरपासून खालपर्यंत वाचली, मुलीच्या पाठीवर हात ठेवला, मला म्हणाला, "बरं केलंस," आणि दोघं दुसऱ्या कॉलेजच्या चौकशीला निघून गेली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी नियमाप्रमाणे वागून दाखवलं ते त्या दिवशी. आणि तेव्हाही जागा गेली ती त्याच्याच घरातली.