कमळाकरशेठचा गुंडाळलेला कॉम्प्युटर

कमळाकरशेठला न कळणारी गोष्ट अजून जन्माला यायची आहे, असं त्याचं स्वतःचं मत. पेणच्या कुंभार आळीत त्याचा गणपतीचा कारखाना. तिथे मी, केरू, कितीतरी वर्षं रंग मारतोय, त्यामुळे हे मत मला रोज ऐकावं लागतं. पावसाचं त्याला कळतं, राजकारणाचं कळतं, दुसऱ्यांच्या पोटदुखीचं तर डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. ज्याच्यावर पोट भरतं त्या रंगाचं मात्र फारसं कळत नाही, ते आम्ही निभावून नेतो.

सत्त्याण्णव साली त्याने कॉम्प्युटर आणला. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, जुना, पण आळीतला पहिला. मूर्ती ठरवायला व्यापारी आले की त्यांना पडवीत कॉम्प्युटर दिसावा, एवढाच त्यामागचा विचार. त्याची मुलगी नम्रता बाजारातल्या क्लासला जाऊन मराठी टायपिंग शिकली होती. ती त्यावर खरंच काम करायला बसेल, हे शेठच्या डोक्यातही नव्हतं.

नम्रता कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. मूर्तीला अंगाचा रंग आम्ही कोणीही मारू, पण डोळे काढायला हात लागतो आणि आमच्याकडे तसा हात तिचाच होता. शेठचा सगळा जीव त्या हातात. मुलीत किती होता, ते त्यालाच माहीत.

आषाढात पनवेलच्या एका छापखान्याच्या मालकाने तिला स्मरणिकेची चाळीस पानं टाईप करायला दिली. तीन आठवड्यांत फ्लॉपीवर आणून दे, नीट असली तर नोकरी पक्की. शेठ ऐकून हसला. म्हणाला, "कर की. पन नाय झालं ना गो, तर मुकाट आखणीला बसायचं. परत नोकरीचं नाव काढायचं नाय." चार माणसांत बोलला. नम्रताने मान हलवली आणि कामाला लागली.

आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला. वीस मिनिटं चाले, अर्धा तास चाले, की फट्‌कन पडदा काळा. टाईप केलेलं अर्धं पान गेलं. मग कितीही बटण दाबा, ढिम्म. तासाभराने आपला आपण चालू.

शेठने लगेच निदान केलं, "लाईट कमी-जास्त होते." स्टॅबिलायझर आला. मशीन बंद पडलं. मग म्हणाला, अर्थिंग नाही. परसात खड्डा खणला, खाडीकडच्या मिठागरातून पोतंभर मीठ आणलं, कोळशाबरोबर पुरलं, त्यात पाईप उभा केला. खड्डा मी खणला आणि शेठ छत्री धरून सूचना देत होता. मशीन बंद पडलं. मग टेबल पूर्वेला फिरवलं. मग लिंबू-मिरची बांधली. एवढ्यात दोन आठवडे उडाले आणि नम्रताची पानं झाली होती तेरा.

शेवटी रोह्याहून मितेश नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. शांत पोरगा, कामापुरतं बोलणारा. आल्यावर त्याने मशीन लावलं, दोन तास बसला. एकदाही बंद पडलं नाही. "माझ्याकडे नेऊन बघतो," म्हणाला आणि रोह्याच्या गाडीने कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन गेला. तिकडे दोन दिवस अखंड चाललं. परत आणून दिलं, तर इकडे अर्ध्या तासात काळोख.

"मेकॅनिकलाच येत नाय काय," शेठने आळीभर सांगितलं.

आता खरं काय ते सांगतो. आमच्याकडे मूर्तीचं अंग रंगवून झालं की ती प्लास्टिकच्या कागदात गुंडाळतात आणि पाठीमागून सुतळीने आवळतात. तोंड तेवढं उघडं, आखणीसाठी. प्लास्टरची धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून. कॉम्प्युटर आला त्या दिवशीच शेठ म्हणाला, "केरू, याला पन कर." मी केलं. डबा चारही बाजूंनी घट्ट, समोर बटणापुरती फट. आणि गिऱ्हाईक आलं की मूर्ती सोडून दाखवायची, ही कारखान्याची रीत. तशी बाहेरचं कोणी आलं की कॉम्प्युटरचं प्लास्टिक काढायचं. मितेश आला तेव्हाही मीच काढलं आणि तो गेल्यावर मीच बांधलं. आमच्यात अक्कल वाटली त्या दिवशी मी बहुतेक रंग कालवत असेन.

नम्रता एकदा म्हणाली होती, "बाबा, डबा चुलीसारखा तापतो. कागद काढूया." शेठ कडाडला, "तीस वर्षं कारखाना चालवतोय मी! धुळीचं मला शिकवतेस?" ती गप्प बसली. त्या घरात सगळे गप्पच बसतात.

शुक्रवारी, मुदतीच्या आदल्या दिवशी, मितेश न कळवता सकाळच्या गाडीने आला. बावीस पानं बाकी होती. नम्रता टाईप करत होती आणि त्याच्या डोळ्यांदेखत पडदा काळा झाला. त्याने डब्याला हात लावला आणि चटकन काढून घेतला.

"हा कागद रोज असतो?"

त्याने टेबलामागे वाकून बघितलं.

"अहो, मागे पंखा आहे. गरम हवा जाणार कुठून? तापलं की मशीन आपलं आपण बंद होणारच. कोणी गुंडाळलं हे?"

शेठने माझ्याकडे बोट केलं. "हा केरू. अक्कल नाय त्याला. किती वेळा सांगितलं, मशीनला कागद लावू नको म्हणून."

माझ्या हातात ब्रश होता. वीस वर्षं त्या माणसाकडे काढलेली. मी एक शब्द बोललो नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

नम्रता उठली. "केरूकाकांनी नाय, बाबा. तुम्ही सांगितलंत. मी काढा म्हटलं तर माझ्यावर ओरडलात." आवाज चढवला नाही तिने. मग स्वतःच सुतळी कापली, कागद ओढून काढला आणि मशीन गार होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली. शेठने दोनदा "आखणी पडलीय गो" म्हणून पाहिलं. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. अंधार पडायच्या आत बावीस पानं झाली, मशीन एकदाही थांबलं नाही.

सोमवारपासून ती पनवेलच्या छापखान्यात जायला लागली. त्या वर्षीची उरलेली आखणी शेठने स्वतः केली, आणि बरेच गणपती जरा रागावलेले दिसले.

अजून व्यापारी आले की तो कॉम्प्युटरची गोष्ट सांगतो. रोह्याच्या मेकॅनिकला नाही सापडलं, ते आपणच कसं शोधून काढलं आणि या केरूने मशीन कसं गुंडाळून ठेवलं होतं. व्यापारी हसतात, माझ्याकडे बघतात. नम्रता आता तिथे नसते. मीही हसतो आणि रंग कालवायला घेतो.