कोरडी गेलेली पहिली सुई

साल २०२३, मी सदुसष्ट वर्षांचा. शिक्षण चौथी. हयात विहिरी खोदण्यात गेली, तरी हातावर नारळ धरून पाणी दाखवणाऱ्यांवर मी कधी इश्वास ठेवला नाय. भुताखेतांवर तर नायच. तरी हे लिहितोय…

पाठ लई दुखायची, रक्तबी कमी झालेलं. म्हणून संभाजीनगरला, उस्मानपुऱ्यात लेकीकडं आलो. डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाची. म्हणाली, "बाबा, हाडाच्या आतल्या मगजात कॅन्सर वाटतोय. कमरेच्या हाडातून थोडा मगज काढून तपासू. तसं निघालं तर पोटावर इंजेक्शन, गोळ्या, हाडं बळकट करायचं सलाईन. झेपलं तर पुढं तुमच्याच रक्ताच्या मूळपेशी काढून ठेवू, जोरकस औषध देऊ, अन् त्या परत सोडू. मुळासकट जाईल असं म्हणत नाही… पण दाबून ठेवता येतो."

म्हंजे आधी गाळ काढायचा, अन् आपलंच पाणी राखून परत विहिरीत सोडायचं! मनात म्हणलं, वा गं पोरी. तोंडानं मात्र नाय म्हणलो. दुसऱ्याच्या हातानं जगायची सवय नाय मला. लेक रडायला लागली तेव्हा बोललो, "एकच सुई. कोरडी गेली तर मी गावाला. औषधाचं नाव काढायचं नाय."

दुपारी दोनला सुई घातली. कोरडी! थेंब नाय.

"बाबा, जरा बाजूला बघू का?"

"नाय. बोली म्हंजे बोली." मी उठायला लागलो —

अन् वास आला. पाणी लागायच्या आधी ओल्या मुरमाचा येतो, तोच. बंद खोली, दुसरा मजला, मे महिना. अन् कानाशी गफूरभाई बोलला. चाळीस वर्षं माझ्यासंगं विहिरी खोदणारा जोडीदार, वारून सहा वर्षं झाली. "गिल्ला पत्थर छोड़के जाता क्या बे? उंगल भर ऊपर मार."

ओल लागलेली विहीर सोडून मी जन्मात वर आलो नाय. परत आडवा झालो.

"डॉक्टर, बोटभर वर घ्या."

"उस्ताद तुम्ही का मी?" ती हसली. पण घेतली. सुई भरली… लाल, दाट.

तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "मॅडम, ओल्या मातीचा वास कुठून येतोय?"

मी वासाचं कुणाला बोललोच नव्हतो.

डॉक्टरीण म्हणते, पहिली सुई कधीकधी कोरडी जाते, जागा बदलली की लागतं. मान्य. पण त्या वासाचं काय?

आमच्यात पाणी लागलं की विहिरीचा मालक खोदणाऱ्याला टॉवेल-टोपी देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी टॉवेल-टोपी घेऊन दारात, लेक संगं.

"बाबा, बाईमाणसाला कुणी टोपी देतं का?" लेक कुजबुजली.

"पाणी तिनं लावलं. टोपी तिचीच."

डॉक्टरनं टोपी डोक्यावर घातली. मी इंजेक्शनसाठी पोटावरचा सदरा वर केला.

"अहो बाबा, रिपोर्ट यायचाय अजून!"

"येऊ द्या की," म्हणलं, अन् बाकावर बसून राहिलो.