सतरा ठिकाणी रखमाजी

रखमाजी हे पुरं नाव त्यांना आईनं दिलं आणि वापरलंही तिनंच. बायको फुलाबाई रीतीप्रमाणं नवऱ्याचं नाव घेत नव्हती, आणि उरलेल्या हिर्डोशी गावाच्या तोंडी ते नुसते रख्या. कालचं शेंबडं पोरही बांधावरून हाक मारायचं, ए रख्या! साठीकडं झुकलेल्या माणसाला! पण सवय भारी वाईट. रखमाजीही 'जी' म्हणून वळायचे.

सत्तावन्न साली त्यांनी बौद्ध धम्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढायचं काम टाकलं. गाव चिडलं, दोन वर्षं कुणी भातकापणीला बोलावलं नाही. तरी गडी हलला नाही. दुसऱ्याची घाण पुन्हा उचलायची नाही, हे ते ठासून सांगायचे. आणि आता गंमत बघा, आठ वर्षांनी त्यांचाच लेक ज्ञानू पिशवीभर रिकाम्या काडेपेट्या घेऊन दारात उभा राहिला.

ज्ञानू पुण्याच्या एका संशोधन संस्थेत लागला होता. भातखाचरात अनवाणी राबणाऱ्यांच्या तळपायातून जंत अंगात शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रक्त पितात. त्याच्यावर त्याला निबंध लिहायचा होता. त्यासाठी गावातल्या चाळीस घरांतल्या माणसांचं शौच हवं होतं, काडेपेटीत, दर महिन्याला, तेही वर्षभर. आता हे गोळा कोण करणार? वडलांना सांगायला ज्ञानूची जीभ रेटेना. रखमाजींनी दोन प्रश्न विचारले, सगळं समजून घेतलं आणि पिशवी आपल्याकडं ओढली.

फुलाबाईनं कपाळाला हात लावला. मेली ढोरं सोडली ती काय ह्यासाठी, असं तिनं फाडकन विचारलं.

"ती गावानं लावल्याली व्हती," रखमाजी म्हणाले. "ह्ये म्या माज्या मनानं करतुय."

पहिले दोन महिने गावानं टिंगलीला कसर ठेवली नाही. चिमाजी म्हणून एक मोठ्या बागाईतीचा तोरा मिरवणारा शेतकरी होता. बागाईत नव्हती, तोरा तेवढा होता. रख्याला आमचं हागणंसुद्धा सोन्यावाणी वाटाया लागलं, असं तो चावडीवर हसून सांगायचा. रखमाजी ऐकून घ्यायचे आणि त्याच्याच दारात काडेपेटी ठेवून यायचे. मग ज्ञानूनं पाठवलेलं औषध चंद्राबाईला लागू पडलं. हळदीसारखी पिवळी पडलेली बाई, विहिरीवरून येताना चार ठिकाणी बसायची. ती दोन हंडे घेऊन न थांबता चढ चढू लागली. गावानं ते डोळ्यांनी बघितलं. तिसऱ्या महिन्यापासून भरलेल्या काडेपेट्या आपसूक दारापुढच्या दगडी गडग्यावर दिसू लागल्या, चिमाजीची सगळ्यांत आधी.

पेट्या पुण्याला पोचवायला भोरवरून जावं लागायचं, आणि पावसाळ्यात एसटी आली तर आली. नाही आली की रखमाजी इरलं पांघरून, पिशवी छातीशी धरून भोरची वाट चालायचे. एसटीत बसले तरी आजूबाजूची माणसं थोड्या वेळानं नाकाला पदर लावून दुसरीकडं सरकायची, आणि सबंध बाकडं त्यांना एकट्याला मिळायचं. असा बारा महिने प्रवास झाला, एकही खेप चुकली नाही.

निबंध परदेशात छापून आला. ज्ञानूनं त्याखाली शाळेच्या दाखल्यावर होतं तेवढंच नाव घातलं होतं, ज्ञानू रखमाजी. त्याला शाळेत घालताना आडनावाच्या जागी जात लिहायची पद्धत होती. मास्तर भला माणूस, त्यानं ती जागा मोकळी सोडली. परदेशातल्या संपादकाला हे कुठनं कळावं? शेवटचं ते आडनाव, असं धरून त्यानं छापलं 'डी. रखमाजी'. नोकरीत मात्र रणखांबे हे घराण्याचं आडनाव लागलेलं. पुढचे चार निबंध त्या नावानं निघाले, आणि त्यांना कुत्रं विचारीना.

चौऱ्याहत्तर साली संस्थेत वरची जागा रिकामी झाली. साहेबांनी विचारलं, तुमच्या कामाचा दाखला जगात किती जणांनी दिलाय? त्याचा एक जाडजूड ग्रंथ असतो. कुणाच्या निबंधाचा उल्लेख कुणी केला त्याची नोंद. रणखांबे नावापुढं काहीच नव्हतं. ज्ञानूचा चेहरा पडला. मग मागचंच पान उलटलं, तर डी. रखमाजी! एक नाही, दोन नाही, सतरा ठिकाणी. जपान, ब्राझील, कुठं कुठं. पण साहेब म्हणाले, हे रखमाजी म्हणजे तुम्हीच कशावरून? आठ दिवसांत पुरावा आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

जागा ज्ञानूला मिळाली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण ती कशी मिळाली, ते ऐका.

बापलेक भोरच्या मामलेदार कचेरीत गेले. डी. रखमाजी म्हणजे माझाच मुलगा, असं प्रतिज्ञापत्र रखमाजींनी करून द्यायचं होतं. कारकून मजकूर लिहीत होता. बाकड्यावर बसल्या बसल्या रखमाजींनी हळूच विचारलं, "तितं काय लिवत्यात रं, माजं नाव घिऊन?"

ज्ञानूनं त्या निबंधांतून उतरून आणलेला कागद काढला आणि मराठी करून वाचला, "रखमाजी यांनी त्याच चाळीस घरांतून वर्षभर दर महिन्याला नमुने गोळा केले. असं काम दुसरीकडं कुठं झालेलं नाही."

"सतराच्या सतरा ठिकानी?"

"व्हय आबा."

"एकानंबी रख्या म्हटलं न्हाई?"

ज्ञानूनं नाही म्हणून मान हलवली. ह्या माणसानं आपल्यासाठी काय उचललं, हे त्याला ठाऊक होतं. ते आपण कधी तोंडानं बोललो नाही, हेही त्याला त्या बाकड्यावर कळलं. खिशात संपादकाला लिहिलेलं पत्र होतं, नाव दुरुस्त करून रणखांबे छापा म्हणून. रखमाजींनीही तेच सांगितलं, तुझं हाय ते तुझ्या नावावर लाव, माझं काय.

"त्यांनी चुकीचं लिवलंच न्हाई आबा," ज्ञानू म्हणाला. "गोळा तुमीच केलं. म्या निस्तं मोजलं."

पत्र खिशातच राहिलं. उठून त्यानं कारकुनाकडं आणखी एक अर्ज मागितला, नाव बदलायचा. कारकुनानं मान वर न करता विचारलं, नवं नाव?

"ज्ञानू."

"आडनाव?"

"रखमाजी."

कारकुनानं तसं लिहून घेतलं आणि शाईचा डबा पुढं सरकवला. रखमाजींनी धोतराला अंगठा पुसला, शाईत टेकवला आणि प्रतिज्ञापत्रावर नीट, पुरा उमटवला.