डोळे मिटून उचललेलं वजन

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तिला सगळे क्रेन म्हणत. ओल्या चादरींचं जे गाठोडं हलवताना दोन बाप्यांची दमछाक व्हायची, ते ही बाई एकटी कंबरेवर घ्यायची, यंत्रात टाकायची आणि वर विचारायची, "आणखी कुणाचं काही उचलायचंय का?" नाव ठेवणाऱ्याला वाटलं होतं, बाई चिडेल. चिडते कसली! व्यायामशाळेच्या बनियनवर तिनं तेच नाव छापून घेतलं.

पण वजन उचलणं हा तिच्या लेखी गमतीचा विषय नव्हता. गेल्या वर्षीच्या निवड स्पर्धेत तिनं शेवटच्या संधीला वजन डोक्यावर नेलं, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि बाईसाहेबांनी आनंदाच्या भरात ते धाडकन खाली टाकलं. पंचाचा हात अजून वरच होता. तो हात खाली येईपर्यंत वजन डोक्यावर स्थिर धरायचं असतं, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. लाल दिवे लागले, घास तोंडाशी येऊन गेला. यंदा व्यायामशाळेनं स्पष्टच सांगितलं: ही शेवटची वेळ, नाही जमलं तर तुमची जागा तरुण मुलीला. आणि नेमकी अशात ती धुलाईखान्याच्या ओल्या फरशीवर घसरली. मनगटाला प्लास्टर.

तिला शिकवणारे उस्ताद म्हणजे ट्रक दुरुस्त करणारे मिस्त्री. संध्याकाळी हात पुसत व्यायामशाळेत यायचे. प्लास्टर बघून ती रडकुंडीला आली तसे ते खेकसले, "हात बांधलाय ना? डोकं तर मोकळं आहे. रोज डोळे मिटून बस आणि मनात उचल. पूर्ण उचल, कामचुकारपणा नको."

दुसऱ्या दिवशी तिनं फुशारकीनं सांगितलं, "उचललं, उस्ताद!"

"दांडा गार होता की गरम?"

ती आपल्या तळहाताकडे बघू लागली.

"मग उचललंच नाहीस. सिनेमा बघितलास. जा, पुन्हा बस."

झालं, घरी स्वयंपाकघराच्या स्टुलावर तपश्चर्या सुरू झाली. दांड्याचा गारवा, तळहाताला लागणारी खरखर, हाताला चोळायच्या पांढऱ्या पुडीचा वास, मांड्यांतला ताण, सगळं हळूहळू डोळ्यांमागे येऊ लागलं. कपाळावर घामही यायचा. नवरा बसवर ड्रायव्हर, दिवसभर बाहेर. घरात सासूबाई. त्या येता-जाता टोमणा मारायच्या, "झोपा काढून पैलवान होता आलं असतं, तर तुझे सासरे जगज्जेते झाले असते!"

प्लास्टर निघायच्या सुमारास उस्तादांनी तिला डोळे मिटायला लावले आणि मोठ्यानं सांगायला लावलं. तिनं सांगितलं: पकड, छाती, श्वास, झेप, हात सरळ.

"मग?"

"मग टाळ्या."

"मग?"

"मग काय, टाकलं खाली."

उस्तादांनी कपाळावर हात मारला. "अगं बये, गेल्या वर्षी जिथं माती खाल्लीस, तिथंच रोज जाऊन खातेयस! पंच कुठाय?"

तिनं खाडकन डोळे उघडले. खरंच, इतके दिवस घाम गाळून तिनं चूकच पाठ केली होती. मनातल्या त्या सभागृहात पंचाला खुर्चीच नव्हती.

घरी येऊन तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही माझे पंच व्हा. 'ठेव' म्हणाल तेव्हाच मी खाली ठेवणार."

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!" असं म्हणत सासूबाई पदर खोचून खुर्चीत बसल्या. आणि मग काय विचारता! बाई पंच झाल्या की हुकूमशहा, देव जाणे. सून रिकामे हात वर करून डोळे मिटून उभी, आणि ह्या मुद्दाम टाळ्या वाजवायच्या, "वा वा" करायच्या. ती हलली नाही की दारात शेजारणीशी बोलत बसायच्या, दूध उतरवून यायच्या आणि मग सावकाश म्हणायच्या, "ठेव." क्रेनचे खांदे भरून यायचे, पण हात खाली येत नव्हते.

स्पर्धेला सासूबाई पुढच्या रांगेत. पहिल्या संधीला मनगटाच्या धाकानं वजन छातीवरूनच सुटलं. दुसऱ्या संधीला कोपर वाकलं. उस्ताद एवढंच म्हणाले, "स्टुलावर बस." पडद्यामागे एक खुर्ची होती, तिथं ती बसली. मनगट ठणकत होतं, रडू येत होतं. तिनं डोळे मिटले. दांडा गार होता. मग तिसऱ्या आणि शेवटच्या संधीला ती उठली ती हट्टानंच उठली. आता हात मोडला तरी बेहत्तर.

वजन छातीशी आलं. श्वास. झेप. हात सरळ! सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ती हलली नाही. पंचाचा हात खाली आला, भोंगा वाजला. ती तरीही हलली नाही. पाय थरथरतायत, मान लाल, आणि बाई आपली वजन धरून उभीच. टाळ्या थांबल्या. पंच एकमेकांकडे बघू लागले. उस्ताद ओरडले, "सोड!" तिनं ऐकलंच नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून सासूबाई ताडकन उठल्या. "अगं ठेव! ठेव की आता, माझे बाई!"

वजन खाली आलं. तिन्ही दिवे पांढरे, म्हणजे वजन मान्य.

सासूबाई धापा टाकत तिच्यापाशी पोचल्या आणि तिचं सुजलेलं मनगट हातात घेऊन ओरडल्या, "वेडी का खुळी तू? पंचानं हात खाली केला, तो दिसला नाही?"

"दिसला की," ती म्हणाली. "पण आई, तुम्ही कुठं म्हणाला होतात?"

येता-जाता टोमणे मारणाऱ्या सासूबाईंनी पदरानं तिचा घाम पुसला. भर सभागृहात त्या रडायला लागल्या.