पत्रिकेवरचं कुंकू

आमच्या घरात थोरल्या आजोबांचं वय कायम वीस होतं. हे माझ्या आजोबांचे सख्खे मोठे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले आणि तिकडेच बेपत्ता झाले. भिंतीवर त्यांचा एकुलता एक फोटो होता: डोक्यावर तिरकी टोपी, अंगात दुसऱ्याच कुणाच्या मापाचा सदरा आणि मिशी फुटायची वाट पाहणारा चेहरा. मी नाशिकला कॉलेजात जायला लागले तेव्हा माझी खात्री पटली, की हे आमच्या वर्गात असते तर मागच्या बाकावरच बसले असते.

फोटोला हार नव्हता. मळ्यात झेंडू-शेवंतीचे वाफे, रोज सकाळी फुलांच्या टोपल्या बाजाराला जायच्या, पण त्या फोटोच्या वाट्याला एक फूल यायचं नाही. हार मेलेल्या माणसाला घालतात आणि आजोबांच्या मते भाऊ मेला नव्हता. "सरकारी कागदावर बेपत्ता लिहिलंय," ते म्हणायचे. "मेला म्हणून लिहायला सरकारची काय शाई संपली व्हती?"

त्यामुळे थोरली आजी, म्हणजे त्या विशीतल्या शिपायाची बायको, सत्तरीला टेकली तरी सवाष्ण होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या आणि घरातल्या प्रत्येक लग्नात पहिली हळद तिच्या हातची. नामपूरची एक आत्या यावर नाक मुरडायची, पण आजोबांसमोर ब्र काढायची तिची छाती नव्हती.

थोरली आजी नवऱ्याची थट्टा करायला कुणाला ऐकायची नाही. "लढाईबिढाई काय नाय गं. कापणीचे दिवस आले की त्यांच्या पोटात दुखायचं. त्या साली पोटदुखीवर कोणी इश्वास ठेवंना, मग गेले पलटणीत." संसार किती दिवस झाला असं विचारलं की म्हणायची, "एक पावसाळा आन् अर्धी दिवाळी."

एका गोष्टीची मात्र थट्टा होत नसे. थोरले आजोबा घरी न सांगता गेले होते. त्यांच्या कपड्यांचं गाठोडं परसातल्या कुडावरून त्यांच्या हातात दिलं ते धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या आजोबांनी. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते.

नव्वदच्या दशकात माझ्या ताईचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नपत्रिकेत नवरीपेक्षा निमंत्रकांना जास्त जागा लागते. नावं वडीलकीने येतात आणि जे हयात नाहीत त्यांच्या नावाआधी 'कै.' लागतं. यादीत सगळ्यांत वर थोरल्या आजोबांचं नाव, अर्थातच 'कै.'शिवाय. छापखानेवाल्याला वाटलं, आमचं राहून गेलं. त्याने आपल्या मनाने ते घातलं. वडील प्रूफ बघून आले होते, पण त्यांनी पाहिलं नवरीचं नाव आणि मुहूर्त.

गठ्ठे घरी आल्यावर आजोबांनी पहिली पत्रिका वाचली आणि सगळे गठ्ठे पुन्हा सुतळीने बांधले. "वहिनीला कळता कामा नये," एवढंच म्हणाले.

लग्न दहा दिवसांवर आलेलं. कळवण, सुरगाण्याकडच्या पाहुण्यांना पत्रिका पोचायच्या होत्या. पुन्हा छापायला वेळ नव्हता. तोड काढली आईने. पत्रिका वाटायच्या आधी तिला हळदकुंकू लावतातच. एरवी कोपऱ्यात लावतात, या वेळी त्या 'कै.'वर लावायचं.

आता घरात पत्रिका कुंकवाला बसल्यात म्हटल्यावर थोरली आजी करंडा घेऊन हजर. "सरका, हे माझं काम हाय." नाही म्हणावं तर संशय आला असता. आई तिला म्हणाली, "आत्याबाई, कोपऱ्यात नको, इथं लावा. आता अशीच फॅशन आहे." आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही निर्धास्त. आजोबा दारात बसून सुपारी कातरत होते. सुपारी संपली तरी अडकित्ता चालूच होता.

मी तिच्यापुढे एकेक पत्रिका सरकवत होते. बोलण्याच्या नादात एक उलटी गेली. आजीने ती फिरवली आणि बोट नेमकं त्या अक्षरावर टेकवलं. मी मुद्दाम आणखी एक उलटी दिली. तीही फिरली.

"आजी, तुला वाचता येतं?" मी हळूच विचारलं.

"नाय गं. पण सासरे गेले, सासू गेली, त्यांच्या नावाआधी हे आलं. तेवढं एक अक्षर मी वळखते. आलेली पत्रिका आधी तेवढ्यासाठीच बघते."

"म्हणजे तुला माहितीये, की ते..."

"एवढ्या वर्सात एक चिठ्ठी नाय. मला लय आधी कळलं."

"मग हे कुंकू?"

तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "गाठोडं भावजींनी दिलं व्हतं. मी कपाळ पुसलं असतं, तर त्यांना वाटलं असतं, आपणच भावाला मारलं. मला काय, टिकलीचं वझं होतंय का? आण पुढची."

मला स्वतःची लाज वाटली. तिला जपायचं म्हणून सगळं घर इतकी वर्षं चवड्यावर चालत होतं आणि ती आजोबांना जपत होती. मी कुणाला काही बोलले नाही. ताईची पहिली हळद तिनेच लावली.

त्यानंतर आठ-दहा वर्षांनी आजोबा गेले. त्यांचे दिवस झाले आणि थोरल्या आजीने कुंकू लावणं बंद केलं. बायकांनी विचारलं तर म्हणाली, "खाज सुटते." पुढच्या वर्षी माझ्या भावाचं लग्न निघालं. वडील पत्रिकेचा मजकूर लिहायला बसले. आजोबांच्या नावाआधी त्यांनी 'कै.' लिहिलं आणि वरच्या नावापाशी येऊन त्यांचा पेन थांबला.

"लिही की दोघांच्याबी पुढं," थोरली आजी म्हणाली. "आता कुणाला वाईट वाटायचंय?"

वडिलांनी लिहिलं. तिने कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि दोन्ही नावांआधीची अक्षरं बोटाने तपासली.

"हां," ती म्हणाली. "आता खरी पत्रिका लिहिली तुम्ही."